आजी, येतो हं

परदेशी जायचं म्हणजे डोंगरच ओलांडावे लागत, त्या काळातली ही गोष्ट. एका गावातला एक विणकर पोटासाठी डोंगरापलीकडच्या देशात जाऊन राहिला.

हात कुशल, जीभ गोड. तिथली भाषा तो भराभर शिकला. त्याच्या आधी तिथे गेलेला एक व्यापारी त्याला म्हणाला, "बाबा रे, भाषा आली म्हणजे देश कळला असं नाही. इथल्या रीती विचारून घे."

"त्यात काय विचारायचं? माणसं इथूनतिथून सारखीच!" विणकर हसला. आपल्यातले शहाणे असेच हसतात.

शेजारी एक म्हातारी एकटी राहायची. कडाक्याच्या थंडीत तिने त्याला घरात घेतलं, रोज ऊन ऊन पेज वाढली. त्या परक्या मुलखात मायेचं असं तेवढंच एक दार होतं. तो तिला आजी म्हणू लागला.

एकदा तो कापड विकायला दूरच्या जत्रेला निघाला. आपल्याकडे निघताना कुणी 'जातो' म्हणत नाही, अशुभ वाटतं. आईने लहानपणी तोंडात बसवलेला शब्दच त्याने तिथल्या भाषेत म्हटला.

"आजी, येतो हं."

म्हातारीचा चेहरा गंभीर झाला. "नक्की येतोस?"

"येतो म्हणजे काय, येतोच!"

तिचा चेहरा त्याने पाहिला होता. विचारावं, असं मनातही आलं. पण वाटेची घाई होती, तो निघाला.

त्या देशात 'येतो' हे वचन होतं. जो येतो म्हणाला, तो परतेपर्यंत ऐकणाऱ्याने घास घेणं म्हणजे पाप. म्हणून तिथली माणसं निघताना सरळ 'जातो' म्हणत, आणि विणकराला ती कोरडी वाटत.

जत्रेत माल हातोहात खपला. तो खुशाल आणखी पंधरा दिवस तिथेच रेंगाळला.

परतला तेव्हा म्हातारीच्या दारात माणसं जमली होती. चूल थंडगार होती. म्हातारी गेली होती.

"आम्ही पेज पुढे केली," शेजारीण म्हणाली, "तर म्हणे, पोर येतो म्हणालाय, त्याच्याआधी मी कशी जेवू?"

"अहो, आमच्यात ती नुसती म्हणायची रीत आहे हो!" विणकर ऊर फुटेस्तोवर रडला.

"हे तिला सांगायचंस."

कुणी त्याला शिवी दिली नाही. खांदा द्यायला तो पुढे झाला, तेव्हा मात्र त्यांनी त्याला हाताने बाजूला सारलं. तो लांबून मागेमागे चालत राहिला.

पुढे तो तिथली एकूणएक रीत शिकला. पण शिकून ज्या घरी नीट वागायचं, ते घर आता बंद होतं.

तात्पर्य एवढंच: परक्या देशात आपला चांगुलपणासुद्धा विचारून दाखवावा. न विचारल्याची शिक्षा आपल्याला होईलच असं नाही; ती माया लावणाऱ्याला होते.