मोतझाक कुणी म्हणायची

फार फार वर्षांमागे, समुद्राकाठच्या एका राज्यात भिंती घोटणारा निंबाजी राहत होता, आणि त्याची बायको पारू. शिंपल्यांच्या चुन्याचा गिलावा करायचा, तो ओला आहे तोवर गुळगुळीत गोट्यानं घोटायचा, यावर त्यांचं पोट.

घोटता घोटता एका क्षणी भिंतीला मोतझाक येते. मोतझाक म्हणजे काय? शिंपल्याचं आतलं अंग उन्हात तिरकं धरून बघा. दुधासारख्या पांढऱ्यात निळं-गुलाबी काहीतरी हलतं ना, तीच. पेजेला कुणी मोतझाक म्हणत नाही, धुतलेल्या धोतरालाही नाही. हलेल तिलाच म्हणायचं. आणि ती समोरून दिसत नाही बरं, बाजूनंच दिसते. म्हणून रीत अशी, की घोटणाऱ्यानं हा शब्द उच्चारायचा नाही. उंबऱ्यात उभ्या माणसानं तो म्हटला, की गोटा खाली. शब्द लवकर आला तर भिंत आंधळी राहते, उशिरा आला तर काळवंडते.

इतकी वर्षं उंबऱ्यात निंबाजीची आई उभी राहायची. ती गेली, आणि नेमकी तेव्हाच राणीच्या महालाची भिंत आली. "बिघडली, तर गाव सोडायचं," कारभाऱ्यानं बजावलं. पारू पोटुशी होती, दिवस भरत आलेले.

उंबऱ्यात आता ती उभी राहिली. निंबाजी घोटू लागला. कारभारी मागं येरझाऱ्या घालत होता. "काय रे, घोटतोयस की झोपलायस? महाराज निघालेत."

निंबाजीनं घाईघाईनं हात चालवला. तोंडून निघून गेलं, "आली! मोतझाक आली!"

पारूनं उंबऱ्यातून पाहिलं. भिंत नुसती पांढरी होती. बोलावं, तर कारभाऱ्यासमोर नवरा खोटा पडतो. गप्प बसावं, तर भिंत वाळते, आणि जन्माआधीच लेकराचं गाव जातं.

"नाही आली," ती म्हणाली. "घोटा."

"अगं, तुला काय कळतंय? पहिल्यांदा उभी आहेस!"

"भांडण घरी जाऊन करू. चुना थांबायचा नाही."

दातओठ खात निंबाजीनं गोटा उचलला. बाहेर तुतारी वाजली. तो वळून वळून बायकोच्या तोंडाकडं बघे. त्याची दया येऊन शब्द तिच्या ओठांवर आला. तिनं तो गिळला.

आणि मग भिंतीत काहीतरी हललं.

"मोतझाक!"

गोटा थांबला. राजा आत आला, भिंतीसमोर उभा राहिला. "हे तर साधं पांढरं."

"गाडी जुंपू का रे, निंबाजी?" कारभारी हसला.

पारू उंबऱ्यातून बाजूला झाली. "महाराज, इथं या. माझ्या जागेवरून बघा."

राजा उंबऱ्यात आला, आणि बघतच राहिला. मग म्हणाला, "कारभारी, गाडी जुंपाच. या बाईला चालत घरी पाठवू नका."

राजानं त्यांना त्याच गावात घर दिलं, नारळाची वाडी दिली. त्या घरात पारूला मुलगी झाली. शेजारणींनी विचारलं, "कशी आहे रे लेक?" निंबाजी म्हणाला, "मी फार जवळ आहे, मला काय विचारता? उंबऱ्यात उभ्या राहा, आणि तुम्हीच सांगा."

बाळांनो, आपल्या कामाला झळाळी आली की नाही, हे आपण नाही, बाजूला उभ्या खऱ्या माणसानं सांगावं.