फेट्याचं दुसरं टोक

“आणि डिस्पॅरेज म्हणजे?” नानांनी विचारलं.

“कमी लेखणं,” पुष्कर म्हणाला. “डेनिग्रेट त्याच्या पुढचं. मॅलाइन म्हणजे मुद्दाम वाईट बोलणं. डिफेम म्हणजे लौकिकच बुडवणं.”

“श्रीमंत भाषा आहे!” नाना खूश होऊन हसले. “मग सकाळी उत्सव कमिटीसमोर हैबतीबुवांचं तू यातलं काय केलंस?”

“काहीच नाही. मी फक्त क्रिटिक केलं.”

पुष्कर एडिनबरोहून शिकून परतला होता. गाव जागं करायचं, या ध्यासानं नाना गोसाव्यांच्या मठात कीर्तन शिकत होता. उत्सवाचं कीर्तन दर वर्षी शेजारगावचे हैबतीबुवा करायचे. त्यांची आख्यानं भाबडी, बुवा स्वतः अडाणी, असं पुष्करनं कमिटीला पटवलं. दुपारी बुवांना ‘येऊ नका’ म्हणून निरोप गेला. संध्याकाळचं कीर्तन पुष्करला मिळालं. त्याचं पहिलंच.

“क्रिटिक...” नानांनी शब्द घोळवला. “आमची चहाडी तोंडातून निघाली, की लगेच वास येतो रे. तुझ्या शब्दांना कशी कडक इस्त्री!”



“बरं, फेटा बांध. लोक जमलेत.”

मठाची एक रीत होती. कीर्तनकाराच्या फेट्याचं टोक गुरूनं धरायचं नाही. दुसऱ्या कीर्तनकारानं ताणून धरायचं.

“टोक...?” पुष्करनं इकडेतिकडे पाहिलं.

“खांबाला बांध. त्याच्याबद्दल कमिटीत काही बोलला नाहीस ना?”

पुष्करनं खरंच टोक खांबाला बांधलं. फिरत फिरत गुंडाळू लागला. फेटा सैलावून नाकावर उतरला.

“अहो, असा नाही!” दारातून आवाज आला.

पुष्करनं कापड वर सारलं. दारात हैबतीबुवा. चालून घामाघूम.

“बुवा... तुम्हाला निरोप...”

“मिळाला की! कीर्तन नको म्हणाले. टोक धरायला नको, असं कुठं म्हणाले?”

बुवांनी खांबाची गाठ सोडली. टोक हातात घेतलं. “हं, फिरा आता.”

पुष्कर फिरला नाही.

“नाना... सकाळी मी केलं ते...”

“मला कशाला सांगतोस? मला कुठं इंग्रजी येतं!”

बुवांच्या हातून टोक सोडवून घेत पुष्कर तसाच, गळ्यात फेटा लोंबत, मंडपात गेला. कमिटी पुढंच बसली होती.

“सकाळी मी बुवांची चहाडी केली,” तो मोठ्यानं म्हणाला. “आजचं कीर्तन त्यांचंच.”

मंडपात कुणीतरी टाळ वाजवला.

आत येऊन त्यानं फेटा बुवांच्या हाती दिला आणि दुसरं टोक धरलं. बुवा मजेत गिरक्या घेऊ लागले. पुष्करच्या हातातलं टोक सैल पडलं.

“ताणून धर,” नाना म्हणाले. “त्यांच्या डोक्यावर तुझा फेटा बसतोय.”