मनोऱ्यावरची विद्या

पुष्कळ मागची गोष्ट आहे, लहानथोरांनो. इतकी मागची, की त्या राज्याचं नावसुद्धा आता कुणाच्या लक्षात राहिलेलं नाही.

त्या राज्यात टेकडीवर एक मोठी पाठशाळा होती. वर्षातून एकदा तिथे विद्यानिवडीचा दिवस येई. झाडांच्या सावलीत ओळीने गुरू बसत. कुणी वैद्य, कुणी नकाशे काढणारा, कुणी घोड्यांची दुखणी जाणणारा. मुलांनी हातात एक फूल घेऊन फिरायचं आणि जी विद्या पटेल तिच्या गुरूपुढे ते ठेवायचं. एकदा ठेवलेलं फूल परत उचलता येत नसे. फूल ठेवण्याआधी प्रत्येक गुरूला एक प्रश्न विचारायची मुभा होती. गुरूने उत्तर खरं द्यायचं, पण विचारलं तेवढ्याचंच.

आता एकच प्रश्न म्हटल्यावर मुलं दुसरं काय विचारणार? घरून निघतानाच आईबापांनी तो घोकून घेतलेला असे. "मिळकत किती?"

कोयाजीनेही तेच विचारलं. कोयाजी नदीपलीकडच्या गावातल्या तेल्याचा मुलगा. बाप गेलेला, आई घाणा चालवी, धाकटी बहीण बैल हाकी. घाण्यापाशी सारा गाव जमायचा आणि त्या गर्दीत कोयाजीची जीभ सगळ्यात जास्त चालायची. बोलल्याशिवाय त्याच्या घशाखाली घास उतरत नसे. तेल घ्यायला आलेली माणसं तेल विसरून त्याच्या गप्पा ऐकत बसत.

तो एकेका गुरूपुढे थांबला. वैद्याची मिळकत बेताची. घोडेवैद्याची त्याहून बेताची. शेवटी तो घटिकापात्राच्या गुरूपुढे आला. तो आकडा ऐकून कोयाजीचे डोळेच विस्फारले. घरावर कौलं चढतील, बहिणीचं लग्न थाटात होईल, आईला घाण्याला हात लावावा लागणार नाही! त्याने फूल ठेवलं. म्हाताऱ्या गुरूने मान खाली घातली. कोयाजीला वाटलं, आशीर्वाद देतोय.

राजवाड्यामागे एक उंच मनोरा होता. वरच्या खोलीत पाण्याने भरलेलं घंगाळ, त्यात तरंगणारी तांब्याची वाटी, वाटीच्या तळाला बारीक भोक. वाटी हळूहळू भरते आणि बुडते. बुडाली की एक घटका झाली. मग काशाच्या थाळीवर टोल द्यायचा, वाटी उपसायची, पुन्हा तरंगत ठेवायची. साऱ्या राज्याचे मुहूर्त, बाजार, न्यायनिवाडे त्या टोलावर चालत. म्हणून पगार मोठा होता.

पगार मोठा असण्याचं आणखी एक कारण होतं, ते कुणी विचारलेलं नव्हतं. वाटीवरून नजर हलवायची नाही. नजर हलू नये म्हणून वर कुणी यायचं नाही. जेवणाची टोपली दोराने वर येई. रात्रीची पाळी करणारा दुसरा एकजण होता, पण दिवसपाळीचा गुरू जागा असला की तो झोपलेला आणि तो जागा झाला की याचे डोळे मिटत. आणि नवा शिष्य तयार होईपर्यंत गुरूने खाली उतरायचं नाही.

विद्या शिकवून झाली तसा म्हातारा गुरू निघाला. जिन्याच्या तोंडाशी तो घुटमळला. "तू विचारलं नाहीस, पोरा," एवढंच म्हणाला आणि उतरला.

पहिले काही दिवस कोयाजी वाटीशीच बोलला. मग स्वतःशी. मग तेही आटलं. टोल दिल्यावर वाटी उपसायच्या आत त्याला खिडकीबाहेर एकदा बघता येई. नदीपलीकडे त्याच्या घराचं छप्पर दिसे. एक दिवस त्याच्यावर नवी कौलं दिसली. कोयाजीला फार आनंद झाला आणि तो कुणाला सांगावा हे कळेना.

बहिणीच्या लग्नाच्या मुहूर्ताचा टोल त्यानेच दिला. पाठोपाठ नदीवरून वाजंत्री ऐकू आली. खाली मान घालून त्याने वाटी पुन्हा तरंगत ठेवली. अक्षता टाकायला हात शिवशिवत होता, पण हातात वाटी होती.

वर्षं सरली. दाढी पांढरी व्हायला लागली तेव्हा त्याला शिष्य घ्यायचा हक्क मिळाला. विद्यानिवडीच्या दिवसापुरती खाली उतरायची परवानगीही मिळाली. सूर्य मावळायच्या आत परतायचं होतं. टेकडीवर बहीण वाट बघत उभी होती.

"दादा, आईची नजर गेली. अंथरुणावरून उठत नाही," ती म्हणाली. "रोज विचारते, कोयाजी कधी येतोय? एकदा जवळ बसू दे म्हणते."

"आज शिष्य मिळेल," कोयाजी म्हणाला. स्वतःचा आवाज त्याला परक्यासारखा वाटला. "वर्षभरात शिकवून होईल. मग मी आलोच. सांग तिला."

त्याच्यापुढे मोठी रांग लागली. सगळ्यात पुढे चिमा नावाची एक मुलगी होती. रांगेत उभी असतानाच तिने मागच्यापुढच्या सगळ्यांशी ओळखी करून घेतल्या होत्या. एकाला चिडवत होती, दुसऱ्याच्या घरची विचारपूस करत होती. हसतहसतच ती पुढे आली.

"गुरुजी, मिळकत किती?"

कोयाजीने सांगितलं. चिमाचे डोळे विस्फारले. ती फूल ठेवायला वाकली.

कोयाजीने मान खाली घातली. आणि मग त्याला आठवलं, अशी खाली गेलेली मान आपण पूर्वी पाहिली आहे. त्या म्हाताऱ्याने आशीर्वाद दिला नव्हता.

"थांब," तो म्हणाला. "आणखी एक प्रश्न विचार."

"पण नियम..."

"नियमाचं मी बघतो. दिवस कसा जातो ते विचार."

चिमा गोंधळली. "बरं... दिवस कसा जातो?"

कोयाजीने सांगितलं. वाटी सांगितली, टोपली सांगितली, लग्नातली वाजंत्रीही सांगितली. चिमाचं हसू मावळलं. तिने फूल छातीशी धरलं आणि जाऊन घोडेवैद्यापुढे ठेवलं. मागच्यांनीही ऐकलं होतं. बघता बघता रांग विरली.

"दादा, हे काय केलंस?" बहीण रडत म्हणाली. "आईला काय सांगू?"

नियम मोडल्याबद्दल कुलगुरूंनी त्याला सगळ्यांदेखत फैलावर घेतलं. ते ऐकून घेऊन, ऊन उतरायच्या आत तो जिना चढून गेला.

त्या हिवाळ्यात एके सकाळी टोल देऊन त्याने बाहेर बघितलं, तर घरासमोर माणसं जमलेली होती. तो समजला. वाटी बुडाली, त्याने टोल दिला.

पुढच्या वर्षी मात्र टेकडीवर गंमत झाली. चिमाने सगळ्यांना पढवून ठेवलं होतं. मुलं मिळकत विचारीत आणि लगेच, "दिवस कसा जातो?" कुलगुरू तरी किती जणांना फैलावर घेणार! गुरूही काय करणार, सांगू लागले. कोयाजीपुढे एक धनगराचा मुलगा आला. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"कुणी बोलायला येत नाही? नक्की?" त्याने विचारलं.

"नक्की."

"मग हीच," तो म्हणाला आणि फूल ठेवलं. माणसांच्या गलक्याने त्याला लहानपणापासून नकोसं व्हायचं.

शिकवून झालं आणि कोयाजी घरी आला. आईचं अंथरूण गुंडाळून ठेवलेलं होतं. तो त्याच्याशेजारी जमिनीवर बसला. इतकं बोलायचं होतं, पण बोलायची सवयच गेली होती.

तेवढ्यात नदीपलीकडून टोल आला. आईमागे घाणा बहीणच चालवत होती, तिने बैल थांबवला.

"का थांबलीस?" कोयाजीने विचारलं.

"सवय लागली," ती म्हणाली. "टोल आला की आई हात वर करायची. घाणा थांबवायचा, कुणी बोलायचं नाही. म्हणायची, बोलला गं माझा कोयाजी. मगच बैल पुढे."

कोयाजी ओक्साबोक्शी रडला. आईशी आपण रोज बोलत होतो, हे त्याला एकट्यालाच माहीत नव्हतं.

पुढे चिमा येता-जाता घाण्यापाशी थांबू लागली, घोड्यांच्या गोष्टी सांगू लागली. हळूहळू कोयाजीचीही जीभ सुटली. विद्यानिवडीच्या आदल्या दिवशी गावोगावची मुलं त्याच्याकडे येत आणि तो सगळ्यांना एकच सांगे:

विद्या काय मिळवून देईल हे जरूर विचारा, पण तिच्यात दिवस कसा जाईल हेही विचारा; मिळकत घरी पाठवता येते, दिवस मात्र आपला आपल्यालाच काढावा लागतो.