आठ दिवस थांबलेली बातमी

फार वर्षं झाली या गोष्टीला. डोंगरांच्या पलीकडे एक राज्य होतं. तिथे राजा नव्हता. शेतं सगळ्यांची, गिरणी सगळ्यांची, बैल आणि नांगरही सगळ्यांचे, असं तिथे मानत. सगळ्यांच्या वतीने कारभार बघायला एक मंडळ होतं. सगळ्यांच्या वतीने बोलायचंही मंडळच, त्यामुळे बाकीच्यांना बोलायचं काही उरत नसे.

राजधानीच्या चौकात एक मोठा काळा फळा होता. त्यावर रोज सकाळी बातम्या लिहिणारा एक माणूस होता. लोक त्याला फळेकर म्हणत. मंडळाकडून चिठ्ठी यायची, ती तो वळणदार अक्षरात उतरवायचा. पीक उदंड आलं. गिरणी उत्तम चालली आहे. ज्या वर्षी गिरणीचं जातं फुटलं आणि लोक महिनाभर भिजवलेले दाणे खाऊन राहिले, त्या वर्षीही फळ्यावर गिरणी उत्तमच चालली होती. फळ्यासमोरून जाताना कुणी मानही वळवत नसे.

तरुणपणी एकदा फळेकराने चिठ्ठीत नसलेली एक ओळ लिहिली होती. त्यापायी तीन वर्षं दगडाच्या खाणीत काढली. सुटून आल्यावर त्याने मुकाट्याने पुन्हा चिठ्ठ्या उतरवायला सुरुवात केली. आता त्याचे केस पांढरे झाले होते.

मग मंडळाला नवे अध्यक्ष मिळाले. ते स्वतः चालत चौकात आले आणि म्हणाले, "आजपासून चिठ्ठी बंद. जे दिसेल ते लिहा."

"साहेब, हे मी याआधी दोनदा ऐकलंय," फळेकर म्हणाला.

"मग तिसऱ्यांदा ऐका. या वेळी खरं आहे."

फळेकराला आनंद झाला नाही, उलट थकल्यासारखं झालं. आशा धरायची म्हणजेही अंगात बळ लागतं. तरी दुसऱ्या दिवशी त्याने लिहिलं, 'पूर्वेकडच्या वेशीवरचा पूल डुगडुगतो आहे.' दिवसभर तो शिपायांची वाट बघत बसला. शिपाई आलेच नाहीत. तिसऱ्या दिवशी पुलावर सुतार आले.

हळूहळू फळ्यासमोर माणसं थांबू लागली. वाचता येणारे मोठ्याने वाचत, बाकीचे ऐकत, मग सगळे मिळून वाद घालत. एका कोठाराच्या प्रमुखाने धान्य दडवल्याचं फळ्यावर आलं, तर अध्यक्षांनी चौकात येऊन माफी मागितली. असं वर्ष गेलं. मंडळातले जुने लोक मात्र कुरकुरत होते. "आज कोठार, उद्या आपण," ते म्हणत.

एके दिवशी वैद्यीणबाई फळेकराकडे आल्या. खालच्या आळीतल्या चारशे घरांचं दुखणंखुपणं त्याच बघत.

"लोक आजारी पडताहेत," त्या म्हणाल्या. "पोटात कळा, ओकाऱ्या, हिरड्यांवर निळसर रेघ. नव्या रंगाच्या कारखान्याचं पाणी आळीच्या तळ्यात उतरतंय. तळ्याचं पाणी बंद करून वरच्या झऱ्याचं प्यायले, तर बरेचसे वाचतील. लिहा."

तो कारखाना अध्यक्षांनीच मोठ्या हौसेने उभारला होता. त्यांचीही बाजू विचारावी म्हणून फळेकर त्यांच्याकडे गेला. ऐकता ऐकता अध्यक्षांचा चेहरा उतरला.

"कारखाना मी आजच बंद करतो," ते म्हणाले. "पण लिहू नका. आठ दिवसांनी मंडळाची सभा आहे. जुने लोक फळा काढून टाकायचा ठराव आणणार आहेत. ही बातमी आज बाहेर आली, तर त्यांच्या हातात कोलीतच मिळेल. फळा गेला की पुढे कुणाचंच काही लिहिलं जाणार नाही. आठच दिवस थांबा. सभा झाली की सगळं मी स्वतः सांगतो."

"आणि तळ्यात आधीच उतरलंय, त्याचं काय?"

अध्यक्ष हलक्या आवाजात म्हणाले, "मी हुकूम करत नाही. विनंती करतोय."

हुकूम असता, तर फळेकराने कदाचित लिहिलं असतं. पण हा माणूस भला होता, त्याचं म्हणणंही खोटं नव्हतं. शिवाय आणखी एकदा खाणीत जायचं वय राहिलं नव्हतं. फळेकराने त्या दिवशी मेंढ्यांच्या बाजाराबद्दल लिहिलं.

चौथ्या दिवशी वैद्यीणबाई पुन्हा आल्या. उन्हात फिरून त्यांचा चेहरा काळवंडला होता.

"मी घरोघर सांगत फिरतेय," त्या म्हणाल्या. "लोक काय म्हणतात, ठाऊक आहे? म्हणतात, असं असतं तर फळ्यावर आलं नसतं का? झऱ्यापर्यंत अर्धा कोस चालायचं आणि पाणी डोक्यावरून आणायचं. केवळ माझ्या शब्दावर कोण जाईल? वर्षापूर्वी फळ्यावर काय नाही, हे कुणी विचारलंही नसतं. आता तुमच्यावर विश्वास बसलाय ना त्यांचा."

"चारच दिवस राहिलेत," फळेकर खाली बघून म्हणाला.

"तुमचे चार दिवस," वैद्यीणबाई म्हणाल्या आणि निघून गेल्या.

आठव्या दिवशी सभा झाली. दोन मतांनी ठराव पडला, फळा वाचला. अध्यक्षांच्या डोळ्यांत पाणी आलं. फळेकर सभेतून थेट चौकात आला आणि त्याने सगळं लिहून काढलं. कारखाना, तळं, निळी रेघ, काही म्हणजे काही सोडलं नाही. तोवर खालच्या आळीत अकरा माणसं दगावली होती.

लोक जमले. कुणी ओरडलं नाही. गर्दीतून एक कोष्टी पुढे आला आणि त्याने विचारलं, "हे तुम्हाला कधी कळलं?"

कालच, असं म्हणता आलं असतं. पण फळेकर म्हणाला, "आठ दिवसांपूर्वी."

कोष्ट्याने मान हलवली. "माझी बायको परवा गेली," तो म्हणाला. "सोमवारी तिने मला विचारलं होतं, पाणी पिऊ का. मी फळा वाचून आलो होतो. म्हटलं, पी."

तो निघून गेला. हळूहळू बाकीचेही पांगले. दुसऱ्या दिवशी फळ्यासमोर थोडीच माणसं होती, आठवड्याने एकही नव्हतं. अध्यक्षांनी चौकात उभं राहून आपली चूक कबूल केली. ऐकायला होते तीन जण आणि एक बैलगाडीवाला, तोही वाट अडली म्हणून थांबलेला.

तीन महिन्यांनी जुन्या लोकांनी तोच ठराव पुन्हा आणला. अध्यक्ष फळेकराला म्हणाले, "लोकांना बोलवा. चौक भरला तर यांची हिंमत होणार नाही."

फळेकर खालच्या आळीत दारोदार गेला. लोकांनी त्याला बसायला दिलं, पाणी दिलं, झऱ्याचं. कोष्टी म्हणाला, "तुमच्यावर राग नाही हो. पण फळा गेला, तर आमचं काय जाणार आहे?" फळेकराने भांडं खाली ठेवलं आणि तो पुढच्या दाराकडे निघाला.

ठरावाच्या दिवशी चौकात वैद्यीणबाई तेवढ्या आल्या. ठराव मंजूर झाला, दुपारपर्यंत फळा उतरवला गेला, संध्याकाळी अध्यक्षांचं पद गेलं.

अध्यक्ष आणि फळेकर चौकातल्या पारावर बसून राहिले.

"आपण फळा वाचवण्यासाठी थांबलो होतो," अध्यक्ष म्हणाले.

"वाचला होता की, साहेब," फळेकर म्हणाला. "तीन महिने."

दुसऱ्या दिवसापासून फळेकर वैद्यीणबाईंच्या बरोबरीने खालच्या आळीत फिरू लागला. तळ्याचं पाणी अजून पिण्याजोगं झालेलं नाही, असं तो प्रत्येक दारात सांगे. त्याला कुणी विचारत नसे. तरी तो सांगे.

तात्पर्य: खरं बोलायची जागा टिकावी म्हणून खरं बोलणंच पुढे ढकललं, तर जागा काही दिवस टिकते, पण तिच्यासाठी उभी राहणारी माणसं राहत नाहीत.