आवडाईचा लगाम

फार वर्षांपूर्वी, म्हणजे नक्की किती ते विचारू नका, मलाही कुणी सांगितलेलं नाही, भीमेच्या काठी आमच्या खुरवलीत माणसांपेक्षा घोडे जास्त होते, असं म्हणतात. आणि ते साधेसुधे घोडे नव्हते, शिकलेले घोडे होते. आता तुम्ही म्हणाल, घोड्याला काय शिकवायचं? पळायला तर त्याला कुणी शिकवावं लागत नाही. खरं आहे. शिकवावं लागतं ते हळू चालायला. आडव्या पायांनी सरकायला, जागच्या जागी पाय उचलून नाचायला, आणि ढोलताशांच्या कल्लोळात गप्प उभं राहायला. हे सगळं खुरवलीत शिकवत, आणि शिकवणारी होती आवडाई.

आवडाईचा नवरा चाबुकस्वार होता. घोडे वळणावर आणायचा त्याचा धंदा. तो तापानं गेला तेव्हा दावणीला लोकांचे अर्धवट शिकलेले घोडे उभे होते. ते परत नेऊन द्या, असं गावातली शहाणी माणसं सांगायला आली. आवडाईनं त्यांना बसायला घोंगडी दिली, ताक दिलं, आणि त्यांच्यादेखत एका घोड्यावर चढून ती निघून गेली. संध्याकाळी परत आली तेव्हा शहाणी माणसं उठून गेली होती. तेव्हापासून तिला सगळे चाबुकस्वारीण म्हणू लागले. नावात चाबूक होता, हातात मात्र तिनं तो कधी धरला नाही.

खुरवलीत घोडा फिरवायला मोकळं मैदान नव्हतं. जमीन म्हणाल तर सगळी ज्वारीखाली. म्हणून आवडाई घोडे गावातूनच फिरवायची, कोष्ट्यांच्या गल्लीतून. गल्लीच्या तोंडाशी ठकूबाई कुंभारणीची मडकी दोन्ही बाजूंना वाळत असत. त्यामधून घोडा आडवा सरकत न्यायचा. पुढं शिवलिंग कोष्ट्याचा ताणा गल्लीभर पसरलेला असे. ते सुताचे धागे एका अंगाकडून दुसऱ्या अंगाला ओलांडायचे, तर पाय उंच उचलायचा आणि फुलासारखा खाली ठेवायचा. शेवटी लोहाराची भट्टी. तिथं ठिणग्या उडत असताना कान न हलवता उभं राहायचं. धागा तुटला तर शिवलिंग घोड्याला कधी बोलला नाही. वर बसलेल्याला बोलायचा, आणि असं बोलायचा की त्याच्या सात पिढ्यांना उचक्या लागाव्यात. घोडा नीट गेला की ठकूबाई त्याला भिजवलेले हरभरे चारायची. असं सगळं गाव मिळून एक घोडा शिकवायचं.

त्या वेळी वरच्या गढीवर खेळोजीराव नावाचे जहागीरदार होते. माणूस शूर होता, देखणा होता आणि रागीट होता. त्यांची एक पांढरी घोडी होती, हत्तीच्या पिलाएवढी थोराड, आणि नाव चिमणी! एका दसऱ्याला सीमोल्लंघनाच्या मिरवणुकीत, देवीच्या पालखीपुढं, ही चिमणी उधळली. खेळोजीराव सगळ्या मुलखासमोर धुळीत पडले. लोकांनी माना खाली घातल्या, पण खाली घातलेल्या मानेनं हसता येतंच की. रावांनी ते ओळखलं.

दुसऱ्याच दिवशी चिमणीला आवडाईच्या दारात आणून बांधलं. सोबत निरोप होता. "पुढच्या दसऱ्याला घोडी आमच्या मांडीखाली पालखीपुढं नाचली पाहिजे. नाचली तर तुमचं नाव करू. नाही नाचली तर तिथंच तिला भाल्यावर घेऊ."

आवडाईनं घोडीचं तोंड उघडून पाहिलं आणि तिचा चेहरा काळा पडला. जिभेच्या दोन्ही कडांना जखमांचे वळ होते, जुन्यावर नवे. रावांचा लगाम काटेरी होता. वरून त्याला चांदीची फुलं होती, पण तोंडात जाणाऱ्या कडीला आतून काटे होते. चिमणी उधळली नव्हती. ती दुखण्यापासून पळाली होती.

पहिले काही महिने आवडाईनं तिच्या तोंडात काहीच घातलं नाही. मानेला सुताची दोरी आणि बरोबर चालणं, एवढंच. मडक्यांजवळ घोडी थरथर कापायची. ठकूबाई दोन मडक्यांच्या मधे स्वतः बसून तिच्याशी बोलायची, सासरच्या तक्रारी सांगायची म्हणतात. घोडी हळूहळू ऐकू लागली. संक्रांत झाली, होळी झाली. पावसाळा सरता सरता चिमणी ताण्यावरून अशी जायची की शिवलिंग मागं-पुढं पाहून म्हणायचा, "धाग्याला कळलं सुदीक न्हाई." आवडाई पाठीवर असली की घोडी चालते आहे की तरंगते आहे ते समजत नसे.

गाव खूश होतं. आवडाई मात्र खात नव्हती, पीत नव्हती. शेवटी गणपती गेल्यावर ती चालत गढीवर गेली आणि हात जोडून म्हणाली, "सरकार, घोडी शिकली. आता म्हयनाभर तुमी आमच्या गल्लीत या. हात शिकायचा ऱ्हायलाय."

सदरेवरची माणसं हसली. खेळोजीराव हसले नाहीत. ते म्हणाले, "आम्ही घोड्यावर जन्मलोय, बाई. घोडी शिकली असेल तर नाचेल. नसेल शिकली, तर भाला तयार आहे."

आवडाई परत आली. रोज ती चिमणीला फिरवायची आणि रोज दसरा एक दिवसानं जवळ यायचा. पळवून न्यावी घोडी, असं शिवलिंग एकदा बोललाही. पण पांढरी घोडी लपवणार कुठं? आणि गाव मागं राहणार होतं, रावांच्या हातात.

दसरा उजाडला. शिलंगणाच्या माळावर मुलूख लोटला होता. प्रत्येकाच्या हातात आपट्याची पानं होती. ढोल, ताशे, शिंगं, सगळं एकदम वाजत होतं. खुरवलीचे लोक एका कडेला उभे होते. रावांचे घोडे सांभाळणाऱ्या मोतद्दारांनी पहाटेच खुरवलीतून नेलेल्या चिमणीला सजवून आणलं. गोंडे होते, झूल होती, आणि तोंडात तोच चांदीच्या फुलांचा लगाम होता. आवडाईनं तो पाहिला आणि ती जागच्या जागी खिळली.

खेळोजीराव स्वार झाले. पालखी उचलली गेली. चिमणीनं पहिलं पाऊल उंच उचललं, दुसरं उचललं, आणि लोकांच्या तोंडून वाहवा निघाली. ती वाहवा रावांच्या कानांत गेली आणि त्यांची छाती फुगली. हौसेनं म्हणा, भीतीनं म्हणा, त्यांनी लगाम खेचला. घोडीनं मान झटकली. त्यांनी आणखी खेचला. पांढऱ्या तोंडावरून लाल फेस ओघळला, चिमणी दोन पायांवर उभी राहिली, आणि रावांचं पागोटं उडून पालखीच्या भोयांच्या पायांत पडलं.

ढोल थांबले. शिंगं थांबली. या वेळी कुणी हसलं नाही, आणि ते हसण्यापेक्षा वाईट होतं. राव खाली उतरले. मोतद्दारांनी चिमणीला दोन्हीकडून धरलं. रावांनी हात मागं केला आणि त्या हातात कुणीतरी भाला दिला.

तेव्हा आवडाई गर्दीतून निघाली. पळाली नाही, चालत गेली, आणि भाला आणि घोडी यांच्या मधे जाऊन उभी राहिली.

"सरकार, घोडीचं काय चुकलं न्हाई."

"मग कुणाचं चुकलं? आमचं?"

आवडाई वळली आणि चिमणीच्या डोक्यावरून लगाम काढू लागली. मोतद्दार ओरडले, घोडी मोकळी सुटली तर माणसं तुडवील म्हणून. गर्दी मागं हटली. आणि इथं खुरवलीकरांनी जे केलं ते ऐका. ठकूबाई पुढं आली आणि घोडीच्या डाव्या अंगाला उभी राहिली. शिवलिंग उजव्या अंगाला आला. त्याच्या पलीकडं त्याचा शेजारी, मग त्याचा शेजारी, शेवटी लोहार. गल्लीत ज्याचं घर जिथं, तिथं तो त्या माळावर उभा राहिला. दोन रांगांची एक गल्लीच झाली. चिमणीच्या डोक्यावर दोरीचा तुकडाही नव्हता. तिनं इकडं बघितलं, तिकडं बघितलं, आणि ती घरी असल्यासारखी गप्प उभी राहिली.

आवडाईनं लगाम लुगड्याच्या पदराला पुसला, स्वतःच्या तोंडात घातला, आणि त्याच्या दोन्ही चामडी वाद्या रावांसमोर धरल्या. बोलता तर येत नव्हतं. पण ती काय म्हणते आहे ते लहान लेकरालाही कळलं. मला चालवा.

राव इतके संतापले होते की त्यांना हा अपमान वाटला. भाला फेकून त्यांनी वाद्या हातात घेतल्या आणि हिसका दिला. आवडाईची मान गर्रकन वळली, पण ती नीट उजवीकडं वळून चालू लागली. त्यांनी डावीकडं खेचलं, ती डावीकडं गेली. त्यांनी थांबवलं, ती थांबली. मागं रेटलं, ती मागं सरकली. पिकल्या केसांची बाई, हनुवटीवरून रक्त गळतंय, आणि एक पाऊल चुकत नव्हतं. ती अडखळावी म्हणून राव खेचत होते. एका भोयानं तोंड फिरवून घेतलं आणि पालखी कलली, असं म्हणतात.

आणि मग रावांच्या हाताला काहीतरी लागलं. त्यांनी खेचलं की वादीतून एक थरथर परत यायची, बारीक, सुईच्या टोकाएवढी. ती त्यांच्या ओळखीची होती. जन्मभर प्रत्येक घोड्याच्या लगामातून ती त्यांच्या हातात आली होती आणि घोड्याची खोड म्हणून त्यांनी ती दाबली होती. आता समोर घोडा नव्हता. माणूस होतं, आणि ते रावांकडे बघत होतं.

त्यांची मूठ सैल झाली. वाद्या ढिल्या पडल्या.

वाद्या ढिल्या पडल्या तसं आवडाईनं पाऊल उंच उचललं आणि फुलासारखं खाली ठेवलं. मग दुसरं. ती नाचतच निघाली, आणि तिच्या मागं, माणसांच्या त्या गल्लीतून, बिनलगामाची, बिनस्वाराची चिमणी तशीच पाऊल उचलत आली. असं म्हणतात की ती जिथं जिथं पाय ठेवत गेली तिथली धूळ उडाली नाही. मी रोज घरातली धूळ झाडते, ती इतकी शहाणी असल्याचं मला दिसलेलं नाही. पण त्या दिवशी ती उडाली नाही, एवढं मी मानते.

रावांनी स्वतःच्या हातानं आवडाईच्या तोंडातला लगाम काढला. काटे रक्तानं भरले होते. भर माळावर, उघड्या डोक्यानं, त्यांनी विचारलं, "दुखलं का?"

आवडाईला उत्तर देता आलं नाही. जीभ कापली होती. तिनं रावांचा हात धरला, चिमणीजवळ नेला आणि घोडीच्या जबड्यावर ठेवला.

खेळोजीराव तिथंच रडले. काही लोक म्हणतात नाही रडले, नुसते उभे राहिले. मला रडलेले आवडतात.

आवडाईची वाचा परत आली नाही. त्यानंतर ती पुष्कळ वर्षं जगली आणि एक शब्द न बोलता तिनं घोडे शिकवले. पहिला शिकाऊ स्वार खेळोजीराव. रोज गढीवरून यायचे, आणि त्यांनी ठकूबाईची जेवढी मडकी फोडली तेवढी चिमणीनं जन्मात फोडली नव्हती. शिवलिंग त्यांनाही बोलायचा. जहागीरदार म्हणून दोन शब्द जास्तच.

आता खुरवलीत घोडे नाहीत. एक आहे वरातीचा, तोही लग्नसराईत बाहेरगावीच असतो. पण आवडाईच्या नावानं एक गोष्ट आम्ही अजून करतो. आमच्या गावात ज्याच्या हातात दुसऱ्याची दोरी येणार, त्यानं आधी ती स्वतःच्या तोंडात धरायची. साध्या सुताची दोरी, काटे नाहीत. सरपंच निवडून आला की ती दोरी तोंडात धरून कोष्ट्यांच्या गल्लीतून चालतो, आणि वाद्या धरायला गावातलं सगळ्यात गरीब घर येतं. शाळेत नवे गुरुजी आले की वाद्या पहिलीच्या पोरांच्या हातात. दोरी धरणाऱ्यानं हवं तिकडं न्यावं, हवं तसं ओढावं. तोंडात दोरी आहे त्यानं बोलायचं नाही. शेवटी ओढणाऱ्यानं फक्त एक विचारायचं, दुखलं का.

आणि घरात सून आली की सासू दोरी तोंडात धरते आणि सून वाद्या.

मी या गावात आले तेव्हा माझ्या सासूबाईंनी दोरी धरली. बाई करारी, सगळी गल्ली त्यांना वचकून असायची. मी घाबरत घाबरत त्यांना चालवलं, धड ओढलंसुद्धा नाही. गल्ली संपली तशी मी दोरी काढली आणि रीतीप्रमाणं विचारलं, "दुखलं का हो?"

त्या पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "पोरी, या घरात येऊन माजा जलम गेला. कुनी इचारलंच नव्हतं गं."

आम्ही दोघी तिथंच ओट्यावर बसलो. घरी पाहुणे जेवायचे खोळंबले होते, पण आम्हाला बोलवायला कुणी आलं नाही.