राजेसाहेबांच्या कॅमेऱ्याचं कुलूप

राजे मानाजीरावांच्या कॅमेऱ्याला कुलूप होतं आणि ते कसं उघडायचं हेच राजे विसरले होते!

कुलपाला कारणही तसंच होतं. दरबारी मंडळी स्वतःचे ढेरपोटे फोटो गुपचूप पुसून टाकायची. म्हणून राजांनी नवा डिजिटल कॅमेरा आणवला. त्यावरची बाणांची बटणं ठरावीक क्रमानं एकूण चार वेळा दाबली तरच तो उघडे. तीनदा चुकलं की आतले सगळे फोटो आपोआप पुसले जात. दोन वर्षं राजे दिवसातून पन्नासदा ती बटणं दाबत होते. काल राणीसाहेबांनी सहज विचारलं, "क्रम तरी काय आहे हो?" राजे सांगायला गेले आणि आठवता आठवता सगळंच विसरून बसले.

प्रधानजी मदतीला धावले. "महाराजांची सदैव चढती कमान! तेव्हा वर, वर, वर, वर." चुकलं. "मग महाराज सगळ्यांत उजवे, म्हणून चारही वेळा उजवं." तेही चुकलं. आता एकच संधी उरली, आणि आत गेल्या साली वारलेल्या रूपकली हत्तिणीचे एकूण एक फोटो होते. राजांचा तिच्यावर फार जीव होता.

मोठ्यांची चूक गरिबाच्या माथी बसायला कितीसा वेळ लागतो? राजांचा फेटा बांधणारा म्हातारा येसबा समोरच उभा होता.

"फेटा बांधताना तूच काहीतरी दाबलं असशील," राजे गरजले. "संध्याकाळपर्यंत कॅमेरा उघडला नाही, तर राज्याबाहेर चालता हो. आणि ऐक, कॅमेरा फोडायचा नाही, त्याला हात लावायचा नाही, मला क्रम विचारायचा नाही!"

येसबानं हात जोडले. त्याची लेक सारजा मात्र पुढं झाली. बापाच्या हाताखाली तीही फेटे बांधायची.

"उघडते की, महाराज. कॅमेरा ऱ्हाऊ द्या तुमच्याच गळ्यात. फकस्त माझ्या बाला प्रधानजींचा फेटा बांधू द्या. आन् बा, परत्येक पेच कसा घालतोस त्ये मोठ्यानं सांगत बांध."

"फेट्याचा आणि कॅमेऱ्याचा काय संबंध?" प्रधानजी कुरकुरले. राजांनी दटावलं, तसे ते येसबापुढं येऊन बसले.

येसबा म्हणजे डोळे मिटून शंभर फेटे बांधणारा माणूस. पण तोंडानं सांगू लागला आणि हात अडखळले. "ह्यो पदर उजवीकडनं... न्हाई, डावीकडनं. मग मागं... का फुडं?" बघता बघता सगळं कापड प्रधानजींच्या नाकावरून, गळ्याभोवती, काखेतून फिरलं. शेवटी तुरा हनुवटीखाली उगवला आणि एकच डोळा तेवढा बाहेर मिचमिचत राहिला.

असं ध्यान राजांनी जन्मात पाहिलं नव्हतं. "हलू नका, प्रधानजी, हलू नका!" म्हणत त्यांनी कॅमेरा उचलला. राजांचा अंगठा बटणांवरून टकटक फिरला आणि फोटो निघालासुद्धा.

मग राजे एकदम थबकले. कॅमेरा उघडला होता! घाईघाईनं त्यांनी मागचे फोटो चाळले. रूपकली ऊस खाताना, रूपकली नदीत डुंबताना. राजांचे डोळे भरून आले.

"पोरी, तू हात लावला नाहीस, मला विचारलंही नाहीस. मग क्रम सांगितला कुणी?"

"तुमच्या अंगठ्यानं, महाराज. त्यो कुठं इसरला हुता? डोस्कं मधीमधी लुडबुडत हुतं, म्हनून त्येला जरा प्रधानजींकडं धाडलं!"

राजे पोट धरधरून हसले. हातातलं सोन्याचं कडं त्यांनी सारजाला दिलं आणि स्वतःची शालजोडी येसबाच्या खांद्यावर घातली.

फेट्यातून क्षीण आवाज आला, "महाराज, तेवढा माझा फोटो पुसून टाकावा."

राजांनी लगेच त्या फोटोवर किल्लीची खूण लावली.

"ही खूण असली की पुसायचं बटण चालतच नाही, प्रधानजी," ते म्हणाले आणि पुन्हा हसत सुटले.