पहिल्या लोळणीचा मान

एका राज्यात ज्याला त्याला मान होता. वरणात पहिली पळी कुणी बुडवायची, त्याचा मान. नव्या विहिरीत पहिलं कुणी डोकवायचं, त्याचा मान. एकदा राजवाड्याला आग लागली, तेव्हा आधी कुणी पळायचं यावर दरबार भरला. दरबार उठेपर्यंत आग कंटाळून विझली. असं ते राज्य. तिथला राजा गजकेतू, त्याची राणी हेमांगी, आणि त्यांची एकुलती एक मुलगी राजकन्या कुंदावती.

घराण्याची रीत होती, की कुणापुढे वाकायचं नाही आणि कुणाच्या खाली जायचं नाही. म्हणून वाड्याचे दरवाजे उंटावर बसून जाता येईल एवढे उंच. कुंदावतीला जिन्याखालून जायचं असलं, की ती आधी जिन्यावरची माणसं उतरवायची. एकदा डोक्यावरून बगळे चालले होते. तिने त्यांना हाक मारून वळसा घालायला लावला, आणि बगळ्यांनी घातला. "माझी कुंदी!" राजा ज्याला त्याला सांगायचा. परदेशचे वकील यायचे तहाचं बोलायला, आणि बगळ्यांची गोष्ट ऐकून जायचे.

तर अशा या राजाने जादूगार निद्रंभटाकडून एक गादी करवून घेतली. निद्रंभट डोंगरापलीकडे राहायचा. तिकडे ढग चरायला उतरतात. तो त्यांना धरायचा, पिंजायचा, शेवरीच्या कापसात मिसळून खोळीत भरायचा, आणि विजेच्या दोऱ्याने टाके घालायचा. गादी आली बैलगाडीतून, सुरळी करून करकचून बांधलेली. सुरळीवर बसला होता एक धनेश पक्षी. चोच भलीमोठी पिवळी, चेहरा गंभीर.

पक्षी दरबारात उतरला आणि म्हणाला, "महाराज, गादी आली. आता आधी..."

"थांब," प्रधान म्हणाला. "इथं आधी माणसं बोलतात, मग घोडे, मग पक्षी."

धनेश थांबला.

दोर कापला. गादी अर्धीमुर्धी उलगडली. नव्या गादीवर पहिली लोळण घ्यायचा मान घरातल्या सगळ्यात मोठ्याचा, म्हणून राजा गजकेतू आडवा झाला, "आहाहा" म्हणाला, आणि त्याचा लोड झाला. जांभळा, मखमली, दोन्ही टोकांना मिशा.

मग राजाचा भाऊ शूरकेतू पुढे झाला. "दादांच्या मागून मान माझा."

"काकासाहेब, थांबा की!" कुंदावती म्हणाली.

"का? दादांना मान आणि आम्हाला उपास?"

तो आडवा झाला आणि त्याचाही लोड झाला. हिरवा, तपकिरीचा वास मारणारा.

राजगुरू खाकरले. "दोघांचं डोकं उत्तरेला होतं. तिथंच चुकलं." त्यांनी पूर्वेला डोकं केलं आणि आडवे झाले. लोड. भगवा, एका टोकाला शेंडी.

राणी हेमांगी धीराची बाई. तिने जांभळा लोड उचलला, झटकला आणि सिंहासनावर ठेवला. कारभार सुरू झाला. लोक फिर्यादी घेऊन येत, लोडासमोर बोलत, मन मोकळं करून जात. एक लोहार तर बाहेर येऊन म्हणाला, "महाराज हल्ली मधेच बोलत नाहीत. चांगलं आहे."

कुंदावतीला मात्र ते चांगलं वाटेना. ती सिंहासनाशेजारी बसायची आणि सांगायची, "आबासाहेब, आज मी घारीला वळवलं." लोड काही बोलायचा नाही. मिशीसुद्धा हलायची नाही. वाड्यात आता तिचं कौतुक करणारं कुणी उरलं नव्हतं, आणि कौतुक नसलं की घार वळवण्यात तरी काय राहिलं?

अशात एका सकाळी राणीने दवंडी दिली, "उद्या दुपारी जेवणं झाली, की आम्ही नव्या गादीवर लोळणार. मान आता आमचा."

कुंदावती धावत आईच्या महालात गेली. "आईसाहेब, तुमचा लोड होईल!"

"होऊ दे."

"होऊ दे काय?"

"मग माघार घेऊ? राणी घाबरली म्हणतील. तुझ्या काकूच्या माहेरची माणसं टपूनच बसलीत."

"आणि माझं काय?"

"तुला काय, एका बाजूला मी, एका बाजूला ते. टेकून बस ऐसपैस," राणी म्हणाली, आणि आरशाकडे वळली. पण कुंकू कपाळाऐवजी भुवईवर लागलं, आणि ते कुंदावतीने पाहिलं.

ती तडक दरबारात गेली. धनेश पक्षी अजून खांबावर बसून होता. खाली पागेतल्या घोड्यांची पाळी चालली होती. एक अबलख घोडा चंदीतल्या हरभऱ्यांच्या प्रतीवर बोलत होता आणि लवकर संपवायचं लक्षण नव्हतं.

"धनेशराव, बोला," कुंदावती म्हणाली.

"माझी पाळी आली?"

"मी दिली."

पक्ष्याने चोच नीट केली. "आधी तिला पसरू द्यायचं. मग तिचा वास जाऊ द्यायचा. मग तिला काय हवं ते विचारायचं आणि द्यायचं. तोवर तिच्यावर जो आडवा होईल, त्याचा लोड. निद्रंभटाचा शाप आहे. तिन्ही झालं की शाप सुटतो आणि लोड उठतात."

"एवढंच?"

"एवढंच. गाडीतून उतरल्या उतरल्या हेच सांगत होतो."

"बरं. नोकरांना हाक मारते."

"नाही, राजकन्ये. पाहुणी दारात आली की पायांवर पाणी घरच्यांनी घालायचं असतं. हे हात घरचेच लागतील."

कुंदावतीने आजवर स्वतःची उशीसुद्धा सरकवली नव्हती. तिने पदर खोचला.

गादी दरबाराच्या मधोमध अर्धी वळलेली, कोपरे दुमडलेले, तशीच पडली होती. कुंदावतीने कोपरे सोडवले, चारी बाजूंनी ओढून तिला सरळ केलं आणि सगळ्यांना मागे सारलं. कुणी हात लावायचा नाही, कुणी सल्ला द्यायचा नाही. गादीने एक मोठा श्वास घेतला. मग फुगू लागली. गुडघ्याएवढी झाली, कमरेएवढी झाली. खांबांना टेकली, खिडक्यांतून बाहेर आली, अंगणातला हत्ती उचलून घेतला. हत्ती उभाच होता म्हणून त्याचा लोड झाला नाही. शाप आडव्या होणाऱ्यांना होता.

"दाबा तिला!" प्रधान ओरडला. "वाडा फुटेल!"

"कुणी दाबणार नाही," कुंदावती म्हणाली. "इतक्या लांबून अंग आवळून आली आहे. ताणू दे तिला."

गादीने सगळे आळोखेपिळोखे दिले, चारी कोपरे कडकड मोडले, आणि संध्याकाळ व्हायच्या आत आपली आपण बेतात येऊन बसली. हत्ती खाली उतरायला तयार होईना. त्याला केळी दाखवावी लागली. असं पहिलं काम झालं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच कुंदावतीने गादी गच्चीवर उन्हात टाकली. गादीला वास होता. डांबर, ओलं कुत्रं आणि निद्रंभटाच्या डब्यातली कांद्याची भाजी, असा एकत्र. ऊन त्याला पुरेना. वारा हवा होता. पण त्या राज्यात वाऱ्यांनाही मान होता. पहिला मान पूर्वेच्या वाऱ्याचा. तो फार म्हातारा होता आणि त्याचे गुडघे धरले होते. त्याच्याआधी दुसऱ्या वाऱ्याने वाहायचं नाही. राज्यातली धुणी त्यामुळे आठवडाभर वाळत असत.

कुंदावतीने गच्चीवर पाट मांडला आणि पूर्वेच्या वाऱ्याला बोलावलं. तो कण्हत आला.

"कोण हाक मारतंय?"

"मी कुंदावती. गादीचा वास काढायचा आहे, आजोबा."

"काढू की. दिवाळीपर्यंत होईल."

दुपार तर डोक्यावर येत होती. कुंदावतीने घटकाभर विचार केला. मग तिने म्हाताऱ्या वाऱ्याला पाटावर बसवलं, गंध लावलं, शाल पांघरली, नारळ हातात दिला आणि म्हणाली, "आजोबा, काम तुमचंच. तुम्ही नुसतं 'हं' म्हणा. पश्चिमेचा धाकटा आहे, तो जरा हाताखाली राहील."

म्हातारा खूश झाला. "हाताखाली असेल तर हरकत नाही. हं."

पश्चिमेचा वारा कोपऱ्यावर वाटच बघत होता. तो असा सुटला, की राज्यातली सगळी धुणी एका दमात वाळली. गादीतला वास बाहेर पडला. निळसर होता, काखेत गाठोडं होतं.

"मी आता कुठं जाऊ?" वासाने विचारलं.

"शेजारच्या राज्यात जा. तिथं आमचे व्याही होणार होते. लग्न मोडलं त्यांनी."

वास गेला. म्हातारा वारा शाल सावरत घरी गेला आणि त्याने तीन पिढ्यांना सांगितलं, की ते काम त्याने केलं. असं दुसरं काम झालं.

आता गादी पुन्हा दरबारात आणून पसरली. पांढरीशुभ्र, टपोरी, टाके कसे ओळीत. खाली पाकशाळेत जेवणं संपत आली होती. पंगतीतून ढेकर ऐकू येत होते. कुंदावती गादीसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "तुम्हाला काय हवं?"

गादी बोलली. आवाज जाडसर, जांभईने भरलेला. "झोप."

"कुणाची?"

"माझी. ढगात होते तेव्हा वारा हाकायचा. मग निद्रंभटाने पिंजलं. मग टोचलं. मग बांधलं. इथं आले तर दोर सुटल्या सुटल्या अंगावर राजा. सगळे माझ्यावर झोपणार म्हणता. मी कुणावर झोपू?"

दरबारात पोथ्या उघडल्या. गादीने कुणावर झोपायचं, हा मान कुणाचा, याला आधार सापडेना. प्रधान हळूच खांबामागे गेला.

"फरशीवर झोपा," कुंदावती म्हणाली.

"फरशी कडक आहे. मला गादी पाहिजे."

मग कुंदावतीला कळलं. तिचे कान लाल झाले. जी जिन्याखालून गेली नाही, जिच्यावरून बगळे उडाले नाहीत, तिने सगळ्यांदेखत खाली पडायचं आणि वर गादी घ्यायची? घराण्यात असं कुणी केलं नव्हतं. बाहेर ताशा वाजला. राणी निघाली होती.

कुंदावतीने सिंहासनाकडे पाहिलं. तिथं जांभळा लोडच होता.

"ऐका सगळे," ती खणखणीत म्हणाली. "राजा गजकेतूची मुलगी आडवी होत आहे. कुणी सांगितलं म्हणून नाही. मला वाटलं म्हणून." आणि ती फरशीवर पाठ टेकून पडली.

गादी सरकत आली, तिच्यावर चढली, दोनदा कूस बदलली, आणि झोपली. भलतीच जड होती. ढग भरलेले असले की जडच असणार. कुंदावतीचं नुसतं तोंड बाहेर, तेही एका बाजूला वळलेलं, गाल टाक्यांखाली दबलेला. फरशी खालून गार, गादी वरून गरम. पाठीत कळ आली, पायाला मुंग्या आल्या. ती हलली नाही. वरती गादी घोरायला लागली.

तेवढ्यात राणी आत आली. अंगावर पैठणी, नाकात नथ, मागे ताशेवाले. तिने पाहिलं आणि तिच्या भुवया वर गेल्या.

"कुंदे! हे काय? खाली काय करतेस? हो बाजूला, माझा मान आहे!"

"आईसाहेब," कुंदावती दबल्या आवाजात म्हणाली, "हळू बोला. ती झोपलीये. आत्ताच डोळा लागलाय."

राणी पुढे आली. वाकून बघितलं. गादी संथ वर-खाली होत होती. ताशेवाल्याने काडी उचलली, तशी राणी गर्रकन वळली आणि तोंडावर बोट ठेवून अशी काही "शूऽऽ" म्हणाली, की ताशेवाला काडी उचललेल्या हातानेच उभा राहिला. घोड्यांनी पागेत खुर टेकवायचे थांबवले. राणी फरशीवर बसली. खाली, मांडी घालून, पैठणीची पर्वा न करता. तिने एक हात गादीवर ठेवला आणि थोपटू लागली. कुंदावती लहान होती तेव्हा थोपटायची, तशीच.

"जड आहे का गं?" तिने हळूच विचारलं.

"आहे."

"उठशील?"

"नाही."

राणीने दुसऱ्या हाताने तिच्या कपाळावरचे केस बाजूला केले. त्या दुपारी अख्खं राज्य कुजबुजत बोललं.

उन्हं कलली तशी गादी जागी झाली. तिने जांभई दिली, आणि त्या जांभईत शाप बाहेर पडला. काळा, चिमणीएवढा. खिडकीतून उडून गेला. हिरव्या लोडाचा शूरकेतू झाला आणि शिंकला. भगव्या लोडाचे राजगुरू झाले आणि म्हणाले, "दिशा बरोबरच होती." जांभळ्या लोडाचा राजा गजकेतू झाला. सिंहासनावर बसल्या बसल्या मिशा चाचपल्या आणि समोर पाहिलं. मुलगी फरशीवर, तिच्या अंगावर गादी, शेजारी बायको.

"कुंदी खाली?" राजा म्हणाला. "कुणी पाडलं तिला?"

"कुणी नाही, आबासाहेब. मीच पडले."

"आणि गादी वर झोपली?"

"पोटभर."

राजा उठला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, पण छाती अशी फुगली की अंगरख्याचे बंद तुटले. "ऐकलंत?" तो दरबारावर ओरडला. "अहो, ज्या गादीने माझ्यासकट तिघांना लोळवलं, तिला माझ्या मुलीने झोपवलं!"

गादी उतरली, आपली आपण पलंगावर जाऊन पसरली आणि म्हणाली, "या आता, कुणीही या." त्या रात्री राजा झोपला, राणी झोपली, आणि राज्य रीतीप्रमाणे चालू लागलं. अबलख घोड्याचंही बोलणं संपलं.

कुंदावतीच्या गालावर टाक्यांचे वण उठले होते, ओळीत, ठसठशीत. दासी गरम पाण्याची पट्टी घेऊन आली. कुंदावतीने तिला परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी भर बाजारात ती पालखी सोडून पायी चालली, तो गाल लोकांकडे करून. वरून बगळे गेले, तर जाऊ दिले.

गादी पसरली, गोष्ट आवरली.